युद्धानंतर देश उभा राहतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या इतिहास अभ्यासवर्गात या विषयावर व्याख्यानं झाली की आठवडाभर प्रश्न येत राहतात. विचारणारे एमपीएससीची तयारी करणारे असतात, देवळालीतले निवृत्त फौजी असतात, शिक्षक असतात आणि टीव्हीवर उद्ध्वस्त शहरं पाहून अस्वस्थ झालेल्या आजी-आजोबांचेही फोन येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पुनर्बांधणी म्हणजे रस्ते, पूल, इमारती पुन्हा बांधणं, एवढंच ना?

हे काम डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात लवकर होतं. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला आणि ९ ऑगस्टला शहराच्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावू लागली. त्याच बाँबमधून वाचलेल्यांच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकणारा कायदा मात्र १९५७ साली आला. रूळ तीन दिवसांत जोडले गेले, माणसांची दखल घ्यायला बारा वर्षं लागली.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही चार गोष्टी तपासतो. पैशाला किंमत आहे का? जमीन-घर कोणाच्या नावावर आहे, हे ठरलंय का? हरलेल्या बाजूच्या माणसाला जगायला जागा आहे का? आणि झालेल्या अन्यायाची नोंद कुठे झाली का? या चार ठिकाणी घोळ राहिला तर नवा पूल पुढच्या युद्धात पुन्हा पडतो, असं इतिहासात अनेकदा झालं आहे.

२. तोफा थंडावल्यावर सगळ्यात आधी काय करावं लागतं?

धान्य पोचवावं लागतं आणि पुढचा पेरणीचा हंगाम हातचा जाऊ द्यायचा नसतो. ब्रिटन युद्ध जिंकला होता, तरी तिथे पावावर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. युद्ध चालू असताना पाव रेशनवर नव्हता. तिथलं अन्नाचं रेशनिंग पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडलं.

बांगलादेशाचं उदाहरण आपल्याला जवळचं. डिसेंबर १९७१ नंतर भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित काही महिन्यांत परत गेले. चितगाव बंदरात सुरुंग आणि बुडालेली जहाजं होती, ती काढायला सोव्हिएत नौदल आलं. पद्मेवरच्या हार्डिंज पुलाची एक कमान युद्धात पडली होती. भारताच्या मदतीने तो १९७२ मध्येच रेल्वेसाठी खुला झाला. एवढं करूनही १९७४ मध्ये दुष्काळ पडलाच. पूर हे त्याचं एक कारण. पण धान्य गरिबाच्या खरेदीच्या आवाक्याबाहेर गेलं, हे त्याहून मोठं.

जमिनीतले सुरुंग हा वेगळाच छळ आहे. मोझांबिकमध्ये शांतता करार १९९२ साली झाला आणि देश सुरुंगमुक्त जाहीर झाला २०१५ साली. मधली तेवीस वर्षं तिथला शेतकरी जीव मुठीत धरून नांगर धरत होता.

३. मार्शल प्लॅनमुळेच युरोप उभा राहिला, असं पुस्तकात आहे. हे खरं का?

अर्धं खरं आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी जून १९४७ मध्ये कल्पना मांडली, एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि चारेक वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात गेले. सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनला मिळाला, जवळजवळ पाव हिस्सा. पश्चिम जर्मनीला मिळाले सुमारे १.४ अब्ज. नुसत्या पैशाने देश उभे राहत असते तर ब्रिटनने जर्मनीला मागे टाकलं असतं. घडलं उलट.

ही योजना चालायची कशी, ते मला रकमेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. समजा फ्रान्समधल्या शेतकऱ्याला अमेरिकी ट्रॅक्टर हवा आहे. अमेरिकी कारखान्याला डॉलर मिळत ते अमेरिकी सरकारकडून. शेतकरी ट्रॅक्टरची किंमत आपल्या फ्रँकमध्ये भरायचा आणि ते फ्रँक फ्रेंच सरकारच्या वेगळ्या खात्यात जमा व्हायचे. त्या खात्यातून मग वीज, रेल्वे, कोळसाखाणी यांवर खर्च व्हायचा. एकच डॉलर असा दोनदा कामाला येत असे, आणि शेतकऱ्याला वस्तू फुकट मिळत नसल्यामुळे ती वाया जात नसे.

दुसरी अट अशी, की सोळा देशांनी एकत्र बसून आपल्या गरजांचा आराखडा स्वतः करायचा. वर्षभरापूर्वीपर्यंत एकमेकांकडे संशयाने पाहणारे हिशेबनीस एका टेबलाला बसले. शिवाय या देशांत कुशल कामगार, अभियंते, तलाठ्यासारखी दफ्तरं सांभाळणारी माणसं आधीपासून होती. छप्पर उडालं होतं, जोतं शाबूत होतं.

४. मग अफगाणिस्तानात एवढा पैसा ओतूनही सगळं का कोसळलं?

२००२ पासून अमेरिकेने तिथे पुनर्बांधणीच्या नावाखाली सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार काही दिवसांत पडलं. (१९४८ चा डॉलर आणि आजचा डॉलर यांची थेट तुलना करू नका. तेव्हाच्या डॉलरची किंमत कैक पट होती.)

कारणं अनेक आहेत, मी दोनच सांगतो. पहिलं, पैसा देशाच्या पचनशक्तीपेक्षा जास्त आणि घाईत आला. ठेकेदार, उपठेकेदार, मध्यस्थ असा तो झिरपत गेला आणि गावापर्यंत पोचेपर्यंत थोडाच उरला. सैन्यसुद्धा असं घडवलं, की विमानांची दुरुस्ती परदेशी कंत्राटदार करणार. ते निघून गेले आणि विमानं जमिनीवर राहिली. दुसरं, डिसेंबर २००१ मध्ये बॉन शहरात नव्या व्यवस्थेची बोलणी झाली, तेव्हा हरलेल्या तालिबानला टेबलावर जागाच नव्हती. जागा द्यायला हवी होती का, यावर आजही वाद आहे. पण त्या वेळी ते सगळ्यात दुबळे होते आणि तेव्हाची तडजोड स्वस्तात झाली असती, असं माझं मत आहे. हरलेल्यांचं काय करायचं, यावर प्रश्न ७ पाहा.

५. युद्धानंतर नवं चलन का काढतात? जुन्या नोटा चालत नाहीत का?

चालतात, पण त्यांच्यावर विश्वास उरलेला नसतो. युद्धाचा खर्च नोटा छापून भागवलेला असतो, दुकानात माल नसतो. १९४५ नंतर जर्मनीत लोक सिगारेटी देऊन बटाटे घेत होते. २० जून १९४८ रोजी पश्चिम भागात डॉइश मार्क आला, प्रत्येकाला सुरुवातीला ४० मार्क हातात मिळाले आणि तिथला अर्थकारभार पाहणारे लुडविग एर्हार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरचं किंमतनियंत्रण उठवलं. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचांमागे माल दिसू लागला. तो रातोरात तयार झाला नव्हता, व्यापाऱ्यांनी दडवून ठेवला होता.

या गोष्टीची दुसरी बाजू पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. ज्यांची बँकेत बचत होती, त्यांना शंभर जुन्या मार्कांमागे शेवटी साडेसहा नवे मिळाले. ज्यांच्याकडे घर, कारखाना, माल होता त्यांचं फारसं बिघडलं नाही. भाव चढले, बेकारी वाढली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये लाखो कामगारांनी संप केला. ही विषमता भरून काढायला चार वर्षांनी वेगळा कायदा करावा लागला. तो प्रश्न ९ मध्ये आहे.

नाशिककरांना या प्रश्नावर सांगण्यासारखं घरचंच उदाहरण आहे. १९०६ साली आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती १३ हजारांहून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पराभव झाला, पण त्याची चांदी वितळवली नाही. जुन्या राजाचा चेहरा खाली अर्धवट दिसतो आणि वर नव्या राजाची चिन्हं. लोकांच्या गाठीची नाणी बाद न करता नव्या सत्तेने त्यांची हमी घेतली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता. तिथे १९४८ मध्ये ज्या पहिल्या नोटा चालल्या त्या आपल्या नाशिकरोडला छापलेल्या, भारतीय नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरं उमटवलेल्या होत्या. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून काम रिझर्व्ह बँकच पाहत होती.

६. गावं ओस पडली असतील तर शेतकरी परत कसा आणायचा? आपल्याकडे कधी असं झालंय का?

कितीतरी वेळा, आणि आपल्या पूर्वजांनी याची पद्धतच बसवली होती. मराठेशाहीच्या कागदांत बेचिराख झालेल्या गावांसाठी कौल दिलेले जागोजाग सापडतात. रयतेने परत यावं, जमीन लावावी, मागची बाकी मागणार नाही, जुलूम होणार नाही, अशी ती लेखी हमी. तिच्याबरोबर इस्तावा, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं करत काही वर्षांनी पूर्ण आकार. बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, वेगळी. मोगलांशी सत्तावीस वर्षं चाललेल्या युद्धाने दख्खन उजाड झाला होता, तो याच मार्गाने पुन्हा लागवडीखाली आला. सरकारने आधी वसुलीची घाई सोडली, म्हणून शेतकऱ्याने गाव पुन्हा धरलं.

पांडवलेणीतल्या तीन नंबरच्या लेण्यात याहून जुना पुरावा आहे. गौतमीपुत्राने राज्याच्या अठराव्या वर्षी, लढाईच्या छावणीतून, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं अमुक शेत आता त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेणीच्या, डोंगरावरच्या भिक्खूंना द्यावं, असं तीत आहे. सहा वर्षांनी राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरी आज्ञा निघाली. कखडी गावातलं जे शेत आधी दिलं होतं ते कसलं जात नाही, आणि त्या गावात वस्ती नाही, म्हणून शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तनं (जमीन मोजण्याचं जुनं माप) राजजमीन त्याऐवजी द्यावी. गाव ओस का पडलं ते लेखात सांगितलेलं नाही. पण दिलेलं दान कागदावरच राहिलं, हे राजाने आणि राजमातेने कबूल केलं आणि दुरुस्त केलं. कोणत्याही काळातल्या महसूल खात्याला हे जड जातं.

विसाव्या शतकात जपानचा जमीनसुधारणा कायदा मला सर्वांत परिणामकारक वाटतो. १९४६ नंतर गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची सगळी कुळजमीन सरकारने विकत घेतली आणि कुळांना विकली. जमीन कोणाची ते ठरवणाऱ्या गावसमितीत पाच कुळं, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे शेतकरी असत. बहुमत कुळांचं नव्हतं आणि जमीनदारांचंही नव्हतं, त्यामुळे बोलून निकाल लावावा लागे. कुळांच्या वहिवाटीखालची जमीन ४६ टक्क्यांच्या आसपास होती, ती चार वर्षांत १० टक्क्यांवर आली.

हीच संधी हुकली तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या यादवी युद्धाच्या शेवटी, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शेरमन यांनी मुक्त झालेल्या गुलामांसाठी किनाऱ्यावरची जमीन राखून ठेवली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत केली. गुलामी कायद्याने संपली, पण नांगर चालवणारा त्याच मालकाच्या दारात वाटेकरी म्हणून उभा राहिला.

७. हरलेल्या राजवटीचे अधिकारी आणि सैनिक सरसकट काढून टाकावेत का?

सरसकट नको. मे २००३ मध्ये इराकमध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी लागोपाठ दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाचे वरचे सदस्य सरकारी नोकरीतून गेले, त्यांत शाळा-कॉलेजांतले शिक्षकही होते. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त झालं. शस्त्रं जाणणारे लाखो तरुण एका आठवड्यात बेकार आणि अपमानित झाले. पुढच्या बंडाळीला माणसं कुठून मिळाली, हे वेगळं सांगायला नको.

उलट टोकही वाईट. पश्चिम जर्मनीत १९५१ च्या कायद्याने नाझी काळातले असंख्य कर्मचारी नोकरीत परतले. कारभार सुरळीत चालला, पण न्यायासनावर तीच माणसं बसलेली पाहणं पीडितांच्या वाट्याला आलं. वरच्या हुकूम देणाऱ्यांवर खटला भरावा, खालच्यांना पगार आणि काम द्यावं, मधल्या फळीतल्या प्रत्येकाची चौकशी करावी, असं मला वाटतं. हे वेळखाऊ आहे, आणि दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

८. सर, शिक्षा महत्त्वाची की समेट? दोन्ही एकत्र होतं का?

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालला त्या न्युरेंबर्गला २२ जणांचा निकाल लागला, १२ जणांना फाशी सुनावली, तिघे सुटले. तिघे सुटले म्हणूनच तो खटला निव्वळ सूड ठरत नाही.

रवांडाची अडचण वेगळ्या आकाराची होती. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, मारणारे बहुतेक शेजारीच होते. लाखाहून अधिक संशयित तुरुंगात कोंबलेले, वकील-न्यायाधीश स्वतःच मारले गेलेले. नेहमीच्या कोर्टात निकाल लागायला शंभर वर्षं लागली असती. म्हणून जुन्या गावसभेच्या धर्तीवर गचाचा न्यायसभा भरवल्या गेल्या. देशभर सुमारे बारा हजार, २०१२ पर्यंत. गावाने निवडलेले पंच गवतावर बसत, आरोपी समोर उभा राहून सांगे की अमुकच्या भावाला मी मारलं आणि त्याला तमुक ठिकाणी पुरलं. कबुली दिली तर शिक्षा कमी. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचा सांगाडा कुठे आहे ते तेव्हाच कळलं.

या न्यायसभांतले दोष लपवू नयेत. आरोपीला वकील नव्हता, खोट्या साक्षी झाल्या, साक्षीदारांना धमक्या आल्या आणि जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांचे गुन्हे या सभांपुढे आलेच नाहीत. एका बाजूच्याच मृतांची नावं मोठ्याने घेता येतात, तिथे समेट अर्धा राहतो.

९. जे परत जाऊच शकत नाहीत त्या निर्वासितांचं काय?

पश्चिम जर्मनीत १९५० पर्यंत पूर्वेकडून हाकललेले सुमारे ऐंशी लाख लोक आले होते. १९५२ च्या भारसमानीकरण कायद्याने ठरवलं, की ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांनी तिच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यायची. पण ती तीस वर्षांच्या हप्त्यांत. त्यामुळे घर विकावं लागलं नाही आणि निर्वासिताला घर, धंदा उभा करायला भांडवल मिळालं. फिनलंडने सोव्हिएत संघाकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातल्या चार लाखांहून अधिक लोकांना १९४५ च्या कायद्याने जमिनी दिल्या आणि छावण्या कायमच्या होऊ दिल्या नाहीत.

देवळालीतली सिंधी कुटुंबं आणि मालेगावचे विणकर यांच्या घरातल्या आठवणी ऐका. मालेगावला उत्तरेतून माणसं आली त्यात १८५७ नंतरची धरपकड हेही कारण होतं. आलेल्याला माग लावू दिला की तो गावाला पोसू लागतो. निर्वासितांना ओझं म्हणणाऱ्यांचं मला म्हणून पटत नाही.

१०. हरलेल्या देशाकडून नुकसानभरपाई घ्यावी की सोडून द्यावी?

नियम एकच नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, जर्मनीवर १३२ अब्ज सोन्याचे मार्क लादले गेले. त्यातला थोडाच भाग वसूल झाला, कटुता मात्र पूर्ण वसूल झाली. १९५३ च्या लंडन करारात जर्मनीचं जुनं कर्ज जवळपास निम्मं माफ झालं. सवलत देणाऱ्यांत स्वतः जर्मनीने लुटलेला ग्रीसही होता. भारताने ९ जून १९५२ रोजी जपानशी वेगळा तह केला आणि भरपाईचा हक्क सोडला.

अपवाद फिनलंडचा. सोव्हिएत संघाने ३० कोटी डॉलरची भरपाई जहाजं, यंत्रं अशा मालात मागितली. फिनलंडने ती १९५२ पर्यंत पुरी फेडली आणि त्या ओघात त्याचा जहाजबांधणी-यंत्रउद्योग उभा राहिला. मागणी आवाक्यातली होती आणि तिला शेवट होता, हा फरक. व्यक्तींवर झालेल्या अत्याचाराची भरपाई ही निराळी बाब आहे. ती देशांनी परस्पर माफ करू नये.

११. पडलेलं शहर जुन्यासारखंच बांधावं की नव्याने?

तिथल्या लोकांना विचारून. पोलंडमधल्या वॉर्सॉचं जुनं शहर अठराव्या शतकातल्या चित्रांवरून आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी जपलेल्या मोजमापांवरून जसंच्या तसं उभं केलं. १९८० मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमने जुना आराखडा सोडून नवंच केंद्र बांधलं. दोन्ही शहरं नांदती आहेत. बोस्नियातल्या मोस्तारचा १९९३ मध्ये पाडलेला पूल २००४ मध्ये हुबेहूब बांधला, पण त्याच देशातल्या काही शाळांत आजही एकाच छपराखाली दोन समाजांची मुलं वेगवेगळ्या वर्गांत शिकतात.

१२. या सगळ्यात बायकांचा उल्लेख का नसतो?

नोंदी ठेवणारे पुरुष होते म्हणून. जर्मन शहरांतला ढिगारा उपसणाऱ्यांत हजारो बायका होत्या. रवांडात युद्धानंतर घरं चालवणाऱ्या विधवांना जमिनीवर हक्कच नव्हता, तो मुलींना १९९९ च्या वारसा कायद्याने मिळाला. बांगलादेशाने अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘वीरांगना’ म्हटलं, पण कितीतरी घरांनी त्यांना आत घेतलं नाही. सरकारी गौरव उंबरठ्यापाशी थांबला. कोणत्याही पुनर्बांधणीचा आराखडा वाचताना सातबाऱ्यावर बाईचं नाव लागणार का, हे आधी बघा.

१३. जिंकलेल्या देशालाही हे सगळं लागू होतं का?

व्हिएतनाम पाहा. १९७५ मध्ये महासत्तेला हरवून देश एक झाला, पण दक्षिणेतल्या हजारोंना पुनर्शिक्षण छावण्यांत टाकलं, शेती सामुदायिक केली, लाखो लोक होड्यांतून पळाले. दहा वर्षं टंचाईत गेली. डिसेंबर १९८६ मध्ये धोरण बदललं, १९८८ मध्ये जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांकडे आला आणि १९८९ मध्ये हाच देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. माती तीच होती, शेतकरीही तेच. प्रश्न ६ मधला कौल आठवा. अमेरिकेचे व्यापारनिर्बंध मात्र १९९४ पर्यंत उठले नाहीत.

१४. नाशिकमध्ये यातलं प्रत्यक्ष काही पाहता येईल का? मुलांना न्यायचं आहे.

हो. पांडवलेणीला सुमारे दोनशे पायऱ्या आहेत, सकाळी लवकर चढा. तीन नंबरच्या लेण्यात प्रश्न ६ मधले लेख ओसरीच्या भिंतीवर वरच्या बाजूला आहेत, तिरक्या उजेडात अक्षरं बरी दिसतात. दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आणि त्यांचं व्याज त्यांत नोंदलेलं आहे. आधी दहा नंबर दाखवा, मग तीन नंबर, म्हणजे सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली ते मुलांच्या ध्यानात येईल. नाण्यांसाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.